कळण्यावर आळ, दुखणं शेवूचं: धुळ्यातल्या सशांच्या जोडीचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. लघवी-लेंड्यांसाठी दोन वर्षं नेमाने ट्रेमध्ये जाणारे ससे आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, घरभर घाण करतात. ससे दुखण्यासाठी आणलेच नव्हते. "सवय मोडली, परत लावून द्या" एवढंच म्हणणं होतं.

मी जनावरांचा डॉक्टर. धुळ्यात माझं रोजचं काम गाई-म्हशी, शेळ्या आणि हल्ली वाढत चाललेली कुत्री-मांजरं. ससे कमी येतात आणि येतात ते बहुधा उशिरा, कारण ससा दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला ते लपवावंच लागतं. म्हणून सशाची सवय अचानक बदलली की मी ती आधी लक्षण म्हणून बघतो, वळण-शिस्त त्याच्या नंतर.

घर देवपुरातलं. आजी, मुलगा-सून आणि अकरावीतला नातू. शेवू ही पांढरी, लाल डोळ्यांची मादी, अडीच वर्षांची. कळण्या राखाडी नर, तिच्याहून थोडा लहान, रंगावरून नाव पडलेला. कळण्याची नसबंदी नाशिकला करून आणलेली, शेवूची राहिलेली. मादीचं ऑपरेशन पोट उघडून करावं लागतं, म्हणून घरच्यांनी धसका घेतला होता. दोघांची जोडी मात्र पक्की. एकमेकांचे कान चाटणार, एकाच पेंढीतून खाणार, झोपतानाही अंगाला अंग लावून. (हे ससे परदेशी वंशाचे पाळीव ससे. शेतात दिसतो तो आपला रानससा वेगळा आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. "शेतात पिल्लू सापडलं, पाळू का?" असं विचारणाऱ्यांना मी जिथून उचललं तिथेच ठेवायला सांगतो.)

आखाजीला लेक मुलांना घेऊन माहेरी आली. घर भरलं, पोरांनी ससे उचलून उचलून खेळवले, गॅलरीत गाद्या पडल्या. त्याच आठवड्यात ऊन तापलं. पाहुणे गेले, पण सोफ्यामागे, मोरीच्या तोंडाशी, आजीच्या गोधडीवर लघवी दिसायला लागली आणि सगळीकडे लेंड्या. घरात निकाल लागून गेला होता. आजी दारातूनच म्हणाली, "हाऊच करस, मी देखेल शे!" हाऊ म्हणजे कळण्या. त्याला दोन दिवस पिंजऱ्यात वेगळंही ठेवलं होतं. तरी घाण थांबली नव्हती, आणि त्यातून कुणी काही निष्कर्ष काढला नव्हता.

सशाला ट्रेची सवय लावणं खरं तर फार अवघड नसतं, कारण एका कोपऱ्यात लघवी करण्याची ओढ त्याच्यात मुळातच असते. आपण तो कोपरा ओळखायचा आणि तिथे ट्रे ठेवायचा. लेंड्यांचं गणित थोडं निराळं. निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. त्यातल्या दहा-वीस इकडेतिकडे पडल्या तर ती घाण नव्हे. कोरड्या, सुट्या, एका रेषेत टाकलेल्या लेंड्या म्हणजे हद्दीची खूण. लघवी ट्रेबाहेर जाऊ लागली तर मात्र प्रश्न गंभीर. तिसरा एक प्रकार लोक नेहमी जुलाब समजतात: मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घडासारखी चिकटलेली, वासाची विष्ठा. ती ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन परत खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि बी गटाची जीवनसत्त्वं मिळतात. ती जमिनीवर पडलेली दिसली तर खाणं चुकतंय किंवा वाकताना काहीतरी दुखतंय.

म्हणून मी नातवाला तीन प्रश्न विचारले. लघवी बाहेर होते की नुसत्या लेंड्या? डबकं मोठं असतं की थेंब-थेंब? वाळल्यावर डाग कसा दिसतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी जुना मोबाईल रात्रभर सोफ्यासमोर लावून ठेवायला सांगितला आणि म्हटलं, सकाळी फिनाईल मारायच्या आधी फरशीचा फोटो काढ.

व्हिडिओ बघण्यासारखा होता. रात्री शेवू सोफ्यामागे येते, बसते, शेपटी वर करते, पाठ किंचित कुबडी होते. बराच वेळ. उठते तेव्हा खाली जेमतेम चमचाभर ओल. दोन पावलं पुढे जाऊन परत तेच. मग कळण्या येतो. ओल हुंगतो, सोफ्याच्या पायाला हनुवटी घासतो (तिथे गंधग्रंथी असते), वळतो, त्याच जागेवर फवारा मारतो आणि पाच-सात लेंड्या टाकून निघून जातो. आजीने पाहिलं ते खोटं नव्हतं. फक्त तिला दुसरा अंक दिसला होता, पहिला नाही.

जोडीत हे नेहमी होतं. एकाने जागा सोडून लघवी केली की दुसऱ्याला ती जागा झाकल्याशिवाय चैन पडत नाही, नसबंदी झाली असली तरी. त्यामुळे जास्त घाण करणारा आणि घाण सुरू करणारा हे दोघं निराळे असू शकतात. आणि जोडी फोडून तपास करायला जावं तर तणावाने दोघंही खुणा करू लागतात, वर पुन्हा एकत्र आणताना मारामारीचा धोका. मोबाईल त्याहून बरा.

फोटोतही उत्तर होतं. त्या खोलीत काळी कडप्पा फरशी आहे. कळण्याचे डाग पिवळसर, वाळून जवळजवळ दिसेनासे झालेले. शेवूचे पांढरे, कडेला जाड. नातवाने एक डाग नखाने खरवडून कागदात बांधून आणला होता. चिमटीत चोळला तर रवाळ लागला. सशाची लघवी थोडी गढूळ असणं नैसर्गिक आहे. बहुतेक प्राणी अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतात. ससा मिळेल तेवढं शोषतो आणि जास्तीचं मूत्रावाटे टाकतो. इतर प्राण्यांत लघवीतून जाणारं कॅल्शियम दोन टक्क्यांच्या आत असतं, सशात ते ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत जातं. पण वाळल्यावर हाताला कणी लागणं आणि सोबत जनावर कुंथणं म्हणजे मूत्राशयात गाळ साठतोय. घरच्यांना भीती होती ती नारिंगी डागांची, रक्त म्हणून. सशाच्या लघवीत काही रंगद्रव्यांमुळे नारिंगी ते विटकरी रंग येतो आणि तो निरुपद्रवी असतो. तरी मादीची नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयातून रक्त येत नाही ना, हे पट्टी टाकून तपासायचंच. तपासलं, रक्त नव्हतं.

शेवूला उलटं न करता, मांडीवर धरून बघितलं. शेपटीखालचे केस ओले, पिवळे. आतली कातडी लाल. एक्स-रेत मूत्राशय पांढरंशुभ्र दिसलं. मऊ अवयव एक्स-रेत करडे दिसतात, इतके पांढरे नाहीत. खडा नव्हता, वाट बंद नव्हती, नुसता गाळ. हे नशीब, कारण खडा असता तर ऑपरेशन.

आता हा गाळ आला कुठून? खाण्याची चौकशी करताना सून म्हणाली, आम्ही उलट चांगला चारा सुरू केलाय. वाळलेलं गवत उन्हाळ्यात मिळेना म्हणून शेजारच्या गोठ्यातून रोज लसूणघासाची जुडी येत होती, होळीच्या सुमारापासून. जोडीला शेवग्याचा पाला, दारातच झाड आहे म्हणून. दुभत्या गाईला लसूणघास उत्तम. वाढत्या पिल्लालाही चालतो. मोठ्या सशाला रोजचा चारा म्हणून नको, कारण त्यात कॅल्शियम साध्या गवताच्या दुप्पट-तिप्पट. शेवगाही तसाच. पाणी होतं चेंडूवाल्या बाटलीतून. दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण शंभर ते तीनशे मिली पाणी लागतं. धुळ्याच्या मे महिन्यात बाटलीच्या नळीतून थेंब-थेंब चाटून ते भरत नाही. ४२-४३ अंशाला हालचाल बंद, दिवसभर मोरीच्या ओट्याला पोट लावून पडून राहणं. लघवी घट्ट, गाळ तळाशी बसलेला, ढवळायला कुणी नाही.

आणि ट्रे? निळा टब पत्र्याखालच्या, पश्चिमेच्या गॅलरीत. दुपारी चारला मी हात लावून बघितला तेव्हा प्लास्टिक चटका देत होतं. सशाला २८-३० अंशांपुढेच त्रास सुरू होतो, कारण घामाने अंग थंड करणं त्याला जमत नाही. कानांवाटे काय उष्णता जाईल तेवढीच. तो त्या टबात जाऊन बसेल ही अपेक्षाच चूक. सवय मोडली म्हणण्याआधी आपण स्वतः त्या जागी दहा मिनिटं बसून बघावं. माझं मत असं की खानदेशात सशांच्या ट्रेच्या निम्म्या तक्रारी एप्रिल ते जूनमध्ये येतात त्या याच कारणाने, आणि त्यांना कुठलंही प्रशिक्षण लागत नाही, फक्त ट्रे उचलून सावलीत न्यावा लागतो. या घरात तेवढ्याने भागणार नव्हतं.

चौथी गोष्ट फिनाईल. आजीचा हात स्वच्छ; दिवसातून दोनदा उग्र फिनाईलने पुसणं. त्यातल्या फिनॉलवर्गीय द्रव्यांनी सशाच्या नाकाला आणि पायांना त्रास होतो, ते वेगळंच. पण सवयीच्या अंगाने बघितलं तर फिनाईल सगळ्या घराचा वास एकसारखा करून टाकतं. ट्रेही तसाच धुतला जायचा. मग सशाला ट्रे कुठला आणि सोफ्यामागचा कोपरा कुठला, हे नाकाने कळणार कसं? उलट फिनाईलखाली कॅल्शियमचा थर जागेवरच राहतो आणि त्यातला लघवीचा वास आपल्याला आला नाही तरी त्यांना येतो.

क्रम मी असा धरला की आधी शरीर, मग जागा, मग वास, आणि सवय सगळ्यात शेवटी. कुंथणाऱ्या सशाला ट्रे शिकवायला गेलं तर तो ट्रेलाच दुखण्याशी जोडतो आणि मग खरोखर टाळतो.

शेवूला हलकी गुंगी देऊन मूत्राशय बोटांनी हळूहळू दाबून रिकामं केलं. टूथपेस्टसारखा पांढरा गाळ निघाला. मग कातडीखाली सलाईन, वेदनाशामक आणि कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी ठेवणं. आंघोळ नाही, सशाला पाण्यात घालायचंच नसतं. ओलं बूड ठेवलं तर माश्या अंडी घालतात आणि उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या दिसतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचं काम नातवाकडे. नातवाच्या वडिलांनी विचारलं, घरात अमोक्सिसिलिनच्या गोळ्या पडून आहेत, लघवीच्या जंतूंसाठी देऊ का? अजिबात नाही. तोंडाने दिलेलं अमोक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यात ससा दगावतो. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती डॉक्टरने ठरवायची. या मादीत जंतुसंसर्ग नव्हताच.

प्रत्येक वेळी दोघांनाही एकाच टोपलीतून आणायला लावलं. एकाला दवाखान्यात नेऊन आणलं की त्याला औषधांचा, कुत्र्यांचा वास लागतो आणि घरी राहिलेला त्याला ओळखत नाही. पक्की जोडीही अशाने तुटलेली मी पाहिली आहे. गुंगीतून शेवू उठली तेव्हा कळण्या शेजारी होता. तिने पहिला घास घेतला तोही त्याने ओढलेल्या गवताचा. सशाने बारा तास काही खाल्लं नाही तर आतडं थंडावतं, म्हणून मला त्या घासाचं अप्रूप जास्त.

चारा बदलणं सोपं नव्हतं. लसूणघास बंद म्हटल्यावर धुळ्यात मेमध्ये साधं वाळलं गवत आणायचं कुठून? साक्री रस्त्याला बांधावरचं मारवेल मिळालं, मऊ आणि हिरवट वाळलेलं. कुसळी गवत नको म्हणून बजावलं. त्याची कुसं तोंडात, डोळ्यांत रुततात. ज्वारीचा कडबा कुणी देऊ केला होता. वाळलेला, कुट्टी करून, थोडा चालतो, पण त्यावर भागत नाही. कोवळी ज्वारी तर कुठल्याच जनावराला नको. तिच्यातलं विष शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाला म्हणून कोथिंबीर, गाजराची पानं थोडी, पाण्यात बुडवून तशीच ओली. बाटलीऐवजी जड मातीचं परळ. मातीत पाणी गार राहतं आणि ससा वाटीतून बाटलीपेक्षा जास्त पितो.

मग ट्रे. सशांनी स्वतःच मोरीजवळची जागा निवडली होती, तर ट्रे तिथेच गेला. गॅलरीतला टब दोघांना अपुराही होता. जोडीतले ससे बऱ्याचदा एकत्र बसतात. एक आत असला आणि दुसऱ्याला जागा उरली नाही की तो शेजारी फरशीवर उरकतो. दोन फूट बाय दीड फुटाचा पसरट टब आणला, पुढची कड कापून चार बोटं उंच ठेवली, म्हणजे दुखऱ्या शेवूला उडी नको. तळाला फाडलेली वर्तमानपत्रं, वर गवताचा थर. वखारीतला भुसा आधी वापरत होते, तो बंद. बारीक धूळ नाकात जाते. मांजरांची गोळा होणारी वाळूही नको, ससा ती खातो आणि ती पोटात फुगते. केळीचं एक प्लास्टिकचं कॅरेट टबाच्या एका टोकाला उभं बांधलं आणि त्यात सगळं गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत जिथे तिथेच ट्रे, हे एक जरी पाळलं तरी निम्मं काम होतं. कॅरेट तळाला घालून जाळीचा ट्रे करू का, असं नातवाने विचारलं. नको. सशाच्या तळपायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस. जाळीवर बसून तळवे सोलतात आणि मग ससा ट्रे टाळतो तो दुखण्यामुळे.

कूलरचीही जागा बदलावी लागली. त्याचा झोत थेट कॅरेटवर येत होता, गवत दमट होऊन बुरशी धरायला लागलेलं. ससे असल्या गवताला तोंड लावत नाहीत, आणि ते ट्रेमध्ये जात नाहीत हा त्याचाच पुढचा भाग.

फरशीसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं. कॅल्शियमचा थर आम्लाने विरघळतो. डागावर ओतलं की बारीक फसफसतं, ते बघून आजीचा विश्वास बसला. बाजारू ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नाही, विषारी वायू निघतो. ट्रे मात्र रोज घासायचा नाही. ओला कागद बदलायचा आणि जुन्यातली मूठभर लेंडी-ओल आत ठेवायची. फरशीवर सापडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये, लघवी टिपलेला कागदही ट्रेमध्ये. आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही, पण नातू करत राहिला.

जागा आखडली. मोरीलगतची निम्मी खोली प्लास्टिकच्या जाळीने बंद केली, गोधड्या-सतरंज्या उचलल्या, कारण मऊ आणि शोषणाऱ्या कापडावर लघवी करायचा मोह सशाला आवरत नाही. दोघं आत एकत्र. ओरडणं नाही, नाक घासणं नाही. ससा त्यातून इतकंच शिकतो की माणसं आली की पळायचं. आठवडाभर लघवी सलग ट्रेमध्ये दिसली की हातभर जागा वाढवायची. एखादा डाग पडला की परत मागे.

शेवूचं कुंथणं काही दिवसांतच थांबलं आणि तिच्या पाठोपाठ कळण्याचे फवारेही. त्याला कुणी काहीच शिकवलं नव्हतं. मृगाचे पाऊस पडेपर्यंत सोफ्यापर्यंतची खोली त्यांना परत मिळाली होती. टब परत गॅलरीत नेऊ का, असं सुनेने विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी ऊन परत येणारच आहे.

श्रावणात कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, गाडं पुन्हा रुळावरून उतरलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याआधी घर झाडून, रंगवून, धुऊन निघतं; भाऊबंद रोटांना जमतात. ससे तीन दिवस माडीवर. खाली आले तर खोलीला रंगाचा आणि फिनाईलचा वास. दुसऱ्या दिवशी फोन आला, परत सुरू झालं. मी विचारलं, लघवी की लेंड्या? नुसत्या लेंड्या, कोरड्या, भिंतीकडेने. शेवू नीट लघवी करते, डाग पातळ आहेत. मग दवाखान्यात आणायची गरज नव्हती. जाळी चार दिवस परत लावा, फरशी व्हिनेगरने पुसा, जुन्या ट्रेतलं थोडं आत ठेवा. तेवढ्यात मिटलं. घरच्यांना आता दोन प्रकारांतला फरक कळतो, हा मला गाळ निघाल्याइतकाच मोठा फायदा वाटतो.

राहिली नसबंदी. शेवू माजावर असते तेव्हा अजूनही एखादी खूण करते, पण ते कारण दुय्यम आहे. खरं कारण असं की नसबंदी न झालेल्या माद्यांत वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका चढत जातो. काही जातींत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळला आहे. सशांना भूल देण्याचा हात असलेले डॉक्टर नाशिकला, दीडशे-एक किलोमीटरवर. उन्हाळ्यात तो प्रवास करायचा नाही, म्हणून ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. कळण्या सोबत जाईल. आदल्या रात्री उपाशी ठेवायचं नाही, हे मी चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं आहे. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशीपोटी भूल देण्याचा नेम त्याला लागू नाही. त्याच खेपेला मूत्राशयाचा पुन्हा एक्स-रे निघेल.

सोफ्यामागे कळण्या अजून रोज चार-पाच कोरड्या लेंड्या टाकतो. त्यावर कुठलाही इलाज करायचा नाही, असं ठरलं आहे. आजी त्या केरसुणीने मोगऱ्याच्या कुंडीत लोटते.